स्वयंपाकघरात न विचारलेला प्रश्न

माझ्या भावाची नात लेनोर हिला २०१४ च्या मे महिन्यात परीक्षेत कुणी नापास केलं असेल, तर ते मीच. मी परीक्षक नव्हते. परीक्षा चालली होती त्या इमारतीच्या आतसुद्धा मी नव्हते. बाहेर गाडीत बसून जपमाळ ओढत होते. तरी काम माझंच, आणि पुरावाही माझ्याच अक्षरात.

लेनोर माझ्याकडे आली ती आदल्या सप्टेंबरात, दोन बॅगा आणि एक कोरफडीची कुंडी घेऊन. बापाप्रमाणे तीही मला आत्याच म्हणते. तिचं कॉलेज संपलं होतं आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. पण मेडिकलला अर्ज करण्याआधी मुलांनी एखादं वर्ष खऱ्या आजारी माणसांना हात लावलेला असावा, अशी हल्ली अपेक्षा असते म्हणे. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या भाच्याला, रेमंडला, हे सगळं थोतांड वाटत होतं. त्याचं शहरात फरश्या आणि गालिच्यांचं दुकान आहे. त्याने लेकीला एकच वर्ष दिलं.

"एकतीस मेपर्यंत हातात काही सर्टिफिकेट दिसलं तर खुशाल अर्ज कर," तो म्हणाला. "नाही दिसलं तर एक जूनला दुकानात. सकाळी आठला."

रेमंड बोलतो तसं वागतो. पाच वर्षांचा असताना माझ्या घरी एकदा "जेवणार नाही" म्हणाला आणि दोन दिवस जेवला नाही. मीच शेवटी रडले.

आमच्या गावची अँब्युलन्स गावकरीच चालवतात, पगाराशिवाय. माणसं मिळत नाहीत, म्हणून जो कोणी नंतर वर्षभर पाळी करायचं कबूल करेल त्याला ईएमटीचं शिक्षण फुकट. म्हणजे डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. फोन आला की अँब्युलन्समधून धावत जायचं आणि माणूस इस्पितळात पोचेपर्यंत जिवंत ठेवायचा. लेनोरने नाव घातलं. वर्ग जानेवारीत आगीच्या बंबखान्यात सुरू झाले: मंगळवार, गुरुवार संध्याकाळी, आणि शनिवार दिवसभर.

मला काळजी एकच होती. लेनोर बोलत नसे. उद्धट नव्हे, अजिबात नाही. विचारणं तिला जड जाई. आल्यावर पहिले तीन दिवस तिने माझी बिनसाखरेची कॉफी तोंड न वाकडं करता प्यायली, आणि चौथ्या दिवशी साखरेच्या रिकाम्या भांड्याखाली चिठ्ठी ठेवली. अशी मुलगी परक्या माणसाच्या छातीवरचा सदरा कसा काय कापणार?

शिकवायला होता अर्ल स्टकी. अर्ल दिवसा लोकांचे सेप्टिक टँक उपसतो आणि संध्याकाळी जीव वाचवायला शिकवतो. "दोन्हीकडे नियम तोच," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "आधी विचारा, मग झाकण उघडा."

या शिक्षणाची एक तऱ्हा आहे. जे कराल ते मोठ्याने बोलायचं. मनात केलेलं धरत नाहीत. खोलीत शिरताना आधी म्हणायचं, "हातमोजे घातले आहेत, जागा सुरक्षित आहे." हे विसरलात तर पुढे मेलेला माणूस उठवून बसवलात तरी नापास. त्यामुळे लेनोर रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पुटपुटू लागली.

"हातमोजे घातले आहेत. जागा सुरक्षित आहे."

"जागा सुरक्षित नाही," मी शेगडीपासून म्हणे. "फरशी ओली आहे. आणि मोठ्याने बोल, मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे."

सरावाला शरीर हवं होतं. मी आपलं देऊ केलं. खरं सांगायचं तर मी वाटच बघत होते. कॉन्व्हेंटमध्ये नाताळच्या नाटकात मला एकदा सराईवाल्याची बायको केलं होतं. प्रभूच्या आईवडिलांना दारातून परतवायचं वाक्य एकच होतं, "जागा नाही." मी त्याच्या पुढे माझ्या मनाची आणखी दोन घातली, तेव्हापासून सिस्टर अल्फॉन्साने मला पडदा ओढायच्या कामावर ठेवलं. माझ्यातली नटी त्या दिवसापासून संधी शोधत होती. ती साठ वर्षांनी स्वयंपाकघराच्या फरशीवर मिळाली.

काय काय नाही झालं मला त्या हिवाळ्यात! तीन वेळा अर्धांगवायू, दोनदा मांडीचं हाड, एकदा मधमाशी, आणि हृदयविकार तर दर बुधवारी. माझा नवरा कॅस याने एकेचाळीस वर्षांच्या संसारात माझी नाडी एकदाही धरली नसेल. लेनोरने ती दोन महिन्यांत दोनशे अकरा वेळा धरली. मी नोंद ठेवली आहे.

एका बुधवारी तिने मला मानेला पट्टा लावून, डोक्यापासून पायापर्यंत फळीला आवळून ठेवलं आणि पुस्तक आणायला वर गेली. तेवढ्यात मागच्या दाराने ऑगस्ट लेंट्झ अंडी घेऊन आला. ऑगस्ट आमच्या चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतो. बायको गेल्यापासून दर बुधवारी मला अंडी आणून देतो. मला अंडी फारशी चालत नाहीत हे मी त्याला सांगितलेलं नाही.

तो दारातच थबकला. "फिलोमेना? काय झालं ग?"

"मी छतावरून पडले आहे," मी म्हटलं. "अंडी ओट्यावर ठेव."

"छतावर कशाला चढली होतीस?"

"ते अजून कुणी विचारलेलं नाही."

त्याने टोपी काढली, अंडी ठेवली आणि जरा वेळ माझ्याकडे वरून पाहत उभा राहिला. "तुला इतकं गप्प पडलेलं पहिल्यांदाच बघतोय," असं म्हणून गेला.

पण गप्प मी कुठली राहते! लेनोरने शेजारी गुडघे टेकून "काय होतंय तुम्हाला?" एवढं विचारायची खोटी, की मी सुरू: दुखणं पावणेचारला सुरू झालं, अर्धं उकडलेलं अंडं आणि एक टोस्ट खाल्ल्यावर, पेनिसिलिनने अंगावर गांधी उठतात, १९६२ पासून, रक्तदाबाची पांढरी गोळी सकाळी, पित्ताची पिवळी रात्री, बाळंतपणं नाहीत, पित्ताशय नाही, एक दात सोन्याचा. बाराव्या वर्षापासून रोज डायरी लिहिणाऱ्या बाईला तब्येत विचारली की असंच होणार. लेनोर माझ्या तोंडाकडे बघत भराभर कागदावर खुणा करी, आणि आम्ही दोघी खूश. इतकं चोख उत्तर देणारा रुग्ण सबंध जिल्ह्यात नसेल, असं मला वाटे.

एकदा अर्लने मला वर्गात रुग्ण म्हणून बोलावलं. हातात एक कार्ड दिलं. त्यावर माझा आजार लिहिला होता आणि खाली: विचारल्याशिवाय काहीही सांगू नये. मी सगळं कार्ड वाचून दाखवलं, विरामचिन्हांसकट.

"मिसेस गोरेकी," अर्ल कपाळ पुसत म्हणाला, "तुम्ही इथे रुग्ण आहात. साक्षीदार नाही."

वर्ग हसला. मीही हसले. मला ते कौतुकच वाटलं.

आता १२ मार्च, बुधवार. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासाचा पहिलाच पुरा आठवडा. मला नेहमीप्रमाणे हृदयविकार झाला होता. छातीत दुखणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या नावावर लिहून दिलेली जिभेखालची गोळी असेल, तर ईएमटीने ती त्याला द्यायची असते. पण देण्याआधी एक प्रश्न विचारावाच लागतो: पुरुषांची ती निळी गोळी एक-दोन दिवसांत घेतली आहे का? ती पोटात असताना जिभेखालची दिली तर रक्तदाब विहिरीत दगड पडावा तसा खाली जातो, आणि माणूसही. हे विचारायचं सगळ्यांना. चेहरा बघून नाही, वय बघून नाही.

लेनोरचे कान लाल झाले होते. कागदाकडे बघत ती म्हणाली, "गेल्या दोन दिवसांत तुम्ही ती... म्हणजे पुरुष जी... ती निळी..."

"लेनोर!" मी फरशीवर उठून बसले. हृदयविकार विसरले. "या स्वयंपाकघरात नाही. वर प्रभूची तसबीर आहे."

"पण आत्या, पुस्तकात आहे."

"पुस्तकात असू दे. मला विचारून काय उपयोग? पुढचं विचार."

तिने सुटकेचा श्वास सोडला आणि पुढचं विचारलं. त्यानंतर दर बुधवारी तो प्रश्न आला की मी हात हलवून म्हणे, "ते झालं असं धर," आणि ती धरी. कुणाला जास्त बरं वाटत होतं कोण जाणे.

१० मे, शनिवार. परीक्षा जिल्ह्याच्या कॉलेजात होती. एकेका खोलीत एकेक संकट मांडून ठेवलेलं. लेनोर पाच खोल्यांतून नीट बाहेर पडली. सहाव्यात खुर्चीवर एक सेवानिवृत्त पोस्टमन छाती धरून बसला होता. तिने सगळं केलं, मोठ्याने केलं. मग ती थांबली. तो आपणहून काही सांगेल म्हणून थांबली. तो काहीच सांगेना; त्याच्या कार्डावर तसंच लिहिलेलं होतं. तिने त्याला जिभेखालची गोळी दिली. परीक्षकाने पेन्सिल खाली ठेवली.

ती येऊन गाडीत बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, "मी त्याला मारलं, आत्या."

"कुणाला?"

"पोस्टमनला. त्याने निळी गोळी घेतली होती. मी विचारलंच नाही."

घरापर्यंतच्या अठ्ठावीस मैलांत मी एक शब्द बोलले नाही. माझ्या आयुष्यात असे दुसरे अठ्ठावीस मैल नाहीत. फेरपरीक्षा होती ३१ मे रोजी, रेमंडने दिलेल्या शेवटच्या दिवशी. सकाळी त्या एका खोलीत पुन्हा जायचं. त्यातही राहिली, तर पुढची तारीख थेट ऑगस्ट महिन्यात.

त्या संध्याकाळी मी मार्चची डायरी काढली. "बुध. १२. ले. ने गोळीचा प्रश्न विचारला. मी नको म्हटलं. तिने ऐकलं. गुणी मुलगी." माझं अक्षर सुंदर आहे, सिस्टर अल्फॉन्सानेही ते कधी नाकारलं नाही. त्या सुंदर अक्षरातलं "गुणी मुलगी" वाचताना मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटली. आणि त्याहून वाईट हे की ती उत्तराची वाट बघत थांबली, हेही माझंच शिकवणं. रुग्ण सगळं सांगतो, फक्त लाजेचं सोडून, एवढंच ती माझ्या फरशीवर शिकली होती.

पापाची कबुली द्यायची मला सवय आहे, पण पडद्याआड, काळोखात, अर्धवट ऐकू येणाऱ्या फादरना. दुसऱ्या दिवशी ती मी बंबखान्यात दिली, नळी धुणाऱ्या अर्लला, भर उन्हात. लेनोर शेजारी उभी होती.

अर्लने नळ बंद केला. "म्हणजे पोरीला प्रश्न येत होता आणि तुम्ही विचारू दिला नाहीत."

"उपवास चालू होते," मी म्हटलं.

"मिसेस गोरेकी, मी रोज ज्यात उतरतो ना, त्यालाही लोक लाजतात. फोनवर सांगत नाहीत कुठे तुंबलंय ते. म्हणतात, 'जरा वास येतोय.'" त्याने लेनोरकडे पाहिलं. "पुढच्या रविवारी पॅनकेक आहेत. बीपीच्या टेबलावर तू बसायचंस. जो येईल त्याला गोळ्या विचारायच्या. सगळ्या. मिसेस गोरेकी, तुम्ही शेजारी."

"मी काय करू?"

"काही नाही. तेच करायला शिका."

अँब्युलन्सच्या मदतीसाठी दर वसंतात बंबखान्यात पॅनकेकची न्याहारी असते. बंब बाहेर काढतात, आत लांब टेबलं मांडतात, आणि दाराशी कोपऱ्यात फुकट रक्तदाब तपासतात. सगळा गाव चर्चमधून तडक तिथेच येतो.

१८ मेला साडेनऊ वाजता पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ऑगस्ट. बाही वर करून बसला. लेनोरने पट्टा बांधला, आकडे सांगितले, रक्तदाबाची गोळी विचारली, मधुमेहाची विचारली. मग तिचे कान लाल झाले. ती कागदाकडे बघू लागली. ऑगस्ट तिच्याकडे बघू लागला. मी दहापर्यंत मोजलं. लेनोरचा ओठ हलला आणि थांबला, आणि मला डोळ्यापुढे रेमंडचं दुकान दिसलं. सकाळी आठ वाजता, गालिच्यांच्या गुंडाळ्यांमध्ये उभी असलेली ही मुलगी दिसली. माझ्याने राहवलं नाही.

"ऑगस्ट," मी म्हटलं, "तू पुरुषांची ती निळी गोळी घेतोस का?"

माझा आवाज खणखणीत आहे. चर्चमध्ये स्तोत्रं म्हणून म्हणून तो तसा झाला आहे. नेमक्या त्याच क्षणी तव्यावरचा माणूस पीठ संपलं म्हणून थांबला होता. सगळा बंबखाना गप्प झाला. फादर डुगनच्या हातातला काटा तोंडापाशी थांबला.

ऑगस्ट माझ्याकडे वळला.

"फिलोमेना," तो म्हणाला, "सहा वर्षं मी तुला अंडी आणून देतोय. साधं 'तुला अंडी कशी आवडतात' एवढंसुद्धा तू कधी विचारलं नाहीस. आज एकदम इथपर्यंत?"

जो हशा पिकला तो मी वर्णन करत नाही. माझ्या मैत्रिणी अजूनही पॅनकेकचं नाव काढून मला चिडवतात. अर्ल तव्यापलीकडून धावत आला, माझी खुर्ची माझ्यासकट तीन फूट मागे ओढली आणि दात ओठ खात म्हणाला, "मिसेस गोरेकी! हळू आवाजात! माणसाची इज्जत असते!"

पण त्या हशात मला एक आवाज ऐकू आला तो लेनोरचा. ती हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सप्टेंबरपासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. बहुधा तिला वाटलं असावं की याहून वाईट आता काही होणं शक्य नाही, आणि ते मी उरकून टाकलंय.

तिने डोळे पुसले, ऑगस्टच्या जवळ वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मिस्टर लेंट्झ, हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. उत्तर फक्त माझ्याजवळ राहील." ऑगस्टने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. अर्लने खुर्ची पुरेशी मागे ओढली होती.

मग ती प्रत्येकाला विचारत गेली. चौतीस माणसं. तोच आवाज, तोच चेहरा. जणू काही बूट कोणत्या मापाचा घालता असं विचारते आहे. विचारायची, आणि मग थांबायची. उत्तर सुचवायची नाही, घाई करायची नाही. मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.

अकराच्या सुमारास एक गृहस्थ आले. त्यांना प्रश्न विचारल्यावर ते हो म्हणाले असावेत, कारण लेनोरने पुढचं विचारलं, आणि त्यांनी खिशातून एक बोटभर बाटली काढून टेबलावर ठेवली: जिभेखालच्या गोळ्यांची. लेनोरने ती हातात घेतली, लेबल वाचलं आणि त्यांच्याशी दहा मिनिटं बोलत राहिली. गृहस्थांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या होत्या; एकाने दुसऱ्याचं विचारलं नव्हतं, आणि यांनी लाजून सांगितलं नव्हतं. जाताना त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. ते कोण होते ते मला माहीत आहे. सहासष्ट वर्षांत डायरीत न लिहिलेलं हे पहिलं नाव.

३१ मेला मी तिला पुन्हा कॉलेजात नेलं. जपमाळ घरीच ठेवली. माझ्या मध्यस्थीने जे व्हायचं ते झालेलं होतं. सव्वादहाला ती आत गेली. दहा एकोणपन्नासला बाहेर आली. चालण्यावरून काही कळेना. तिचं चालणं नेहमी सारखंच असतं.

गाडीत बसून तिने पट्टा लावला.

"आज खुर्चीत एक आजीबाई होत्या," ती म्हणाली. "तुमच्या वयाच्या. छातीत दुखत होतं."

"मग?"

"मग विचारलं. त्या इतक्या भडकल्या. 'मला? हा प्रश्न मला?' म्हणाल्या. मी म्हटलं, सगळ्यांना विचारते. आणि थांबले."

"लेनोर, पास की नापास?"

"बघा, तुम्ही विचारल्याशिवाय मी सांगणार नव्हते," ती म्हणाली आणि हसली. "पास."

मी रडले. हसले. तिला गाडीच्या आरशात स्वतःला बघायला लावलं. मग तिने रेमंडला फोन लावला आणि फोन मध्ये ठेवला, मलाही ऐकू यावा म्हणून.

"बाबा, पास झाले."

पलीकडे कुठेतरी गालिचा कापायच्या यंत्राचा आवाज येत होता. तो बंद झाला. "लेखी?"

"लेखी आठ दिवसांपूर्वीच झाली. आज हेही झालं. दोन्ही."

"बरं," रेमंड म्हणाला. मग पुन्हा, "बरं. म्हणजे अर्ज करणार तू."

"हो. ठरलं होतं ना."

"ठरलं होतं. कर." त्याने घसा साफ केला. "मला वाटलं होतं, तू इथे असलीस तर... एकट्याने सगळं ओढायचं म्हणजे हल्ली जरा दम लागतो. काही विशेष नाही."

लेनोर माझ्याकडे बघत नव्हती. ती फोनकडे बघत होती. कान लाल झाले नव्हते.

"दम कधीपासून लागतो, बाबा?"

"अग, काही नाही म्हटलं ना."

ती थांबली. मी माझे हात मांडीखाली सारले.

"गेल्या हिवाळ्यापासून," रेमंड म्हणाला. "डॉक्टरने बारक्या गोळ्या दिल्यात. जिभेखाली ठेवायच्या. दोनदाच लागल्या. तुझ्या आईला सांगू नकोस."

"आणखी कुठल्या गोळ्या घेता?"

"रक्तदाबाची. झोपेची, कधीतरी."

"आणि?"

पलीकडे गिऱ्हाईक आल्याची घंटा वाजली, कुणीतरी रेमंडला हाक मारली, त्याने उत्तर दिलं नाही. लेनोरही काही बोलली नाही.

"लेनोर," रेमंड अगदी हळू म्हणाला, "आत्या तिथे आहे का?"

मी दार उघडून उतरले. पार्किंगच्या कडेला एक पाटी होती, तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि गाडीकडे पाठ करून ती पाटी सावकाश वाचली: अपंगांसाठी राखीव, उल्लंघन करणाऱ्यास दंड. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली.